घरी बांधलेल्या विमानाच्या कापडी आवरणासाठी सामानाचा अंदाज कसा काढावा

आपल्या पत्रातील प्रश्न थोडक्यात असा आहे. अमळनेरजवळच्या शेडमध्ये आपण दोन आसनी, वर पंख असलेले विमान बांधत आहात. सांगाडा पोलादी नळ्यांचा असून पंख लाकडी आहेत. प्रत्येक पंख ४.५ मीटर लांब आणि १.५ मीटर रुंद आहे. सर्व पृष्ठभागांचे मिळून क्षेत्रफळ आपण ४५ चौरस मीटर काढले, त्यात २५ टक्के वाढ धरली आणि १.७८ मीटर पन्ह्याचे कापड ३२ मीटर पुरेल असा हिशेब केला. हा अंदाज बरोबर आहे का, पॉलिएस्टरचे हे कापड सुरतेहून आणले तर चालेल का, आणि मे महिन्याच्या सुट्टीत काम उरकता येईल का, हे आपण विचारले आहे. ३२ मीटर पुरणार नाही, सुरतेचे कापड चालणार नाही आणि मे महिना टाळावा. परंतु एवढ्या उत्तरावर कोणी हजारो रुपयांचे परदेशी सामान मागवू नये, म्हणून कारणे सविस्तर देतो.

आपले क्षेत्रफळ चुकलेले नाही. पंखांच्या दोन्ही बाजू, वरच्या पृष्ठभागाचा बाक धरून, २८ चौरस मीटरच्या आसपास येतात, शेपटीचे आडवे आणि उभे भाग मिळून सुमारे ८ आणि दारे-खिडक्या वजा जाता धड सुमारे ९, म्हणजे ४५ ठीकच आहे. गडबड पुढे झाली आहे. या कामात तीन वेगळ्या वस्तू तीन वेगळ्या मापांनी मोजाव्या लागतात. कापड हे कापणीच्या मांडणीवर मोजायचे असते, पट्ट्या आणि दोरा हे रिबांच्या (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्यांच्या) व कडांच्या लांबीवर, आणि लेप व रंग तेवढे क्षेत्रफळावर. क्षेत्रफळावरून कापड काढले की ते हमखास कमी पडते, कारण तागा हा ठराविक पन्ह्याचा असतो आणि विमानाचे भाग त्या पन्ह्यात सोयीने बसतील असे कोणी आखलेले नसतात. शिंपी अंगाचे क्षेत्रफळ काढून कापड सांगत नाही, तसेच हे आहे.

म्हणून प्रथम एका मोठ्या कागदावर १:१० प्रमाणात तागा आखावा, म्हणजे १७.८ सेंटिमीटर रुंदीचा लांब पट्टा काढावा आणि प्रत्येक भागाचा कागदी तुकडा कापून त्यावर मांडावा. पंखापासून सुरुवात करू. दीड मीटर रुंदीच्या पंखाची वरची वक्र लांबी सुमारे १.५५ मीटर भरते. पुढच्या कडेवर खालचे आणि वरचे कापड एकमेकांवर किमान ५ सेंटिमीटर चढले पाहिजे, मागच्या कडेला किमान अडीच सेंटिमीटर चिकटायला हवे, आणि हातात धरून ओढायला थोडी मोकळी कड लागते. हे सर्व धरून १.६७ मीटर रुंदी लागते आणि ती १.७८ च्या पन्ह्यात बसते. म्हणजे कापड पंखाच्या लांबीने अंथरता येईल, वरती एक आणि खालती एक, मध्ये एकही शिवण न घालता. प्रत्येक तुकडा ४.८ मीटरचा धरावा, कारण मुळाशी (धडाच्या बाजूला) आणि टोकाशी कापड आत वळवावे लागते. दोन पंखांचे चार तुकडे मिळून १९.२ मीटर झाले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आपला पंख १.५ ऐवजी १.६५ मीटर रुंद असता तर हीच बेरीज १.८२ वर गेली असती आणि एका पन्ह्यात पंख मावला नसता. मग कापड आडवे, म्हणजे पुढून मागे गुंडाळून, तीन पाट शिवून घ्यावे लागले असते. कापड फार वाढले नसते, प्रत्येक पंखाला साडेनऊऐवजी साडेदहा-पावणेअकरा मीटर लागले असते, पण शिवणकाम वाढले असते, कारण खाली सांगाड्याचा आधार नसलेल्या जागी नुसता चिकटवलेला जोड चालत नाही. या पंधरा सेंटिमीटरच्या फरकाने कामाची सगळी पद्धत बदलते आणि क्षेत्रफळाच्या हिशेबात तो फरक दिसतच नाही.

एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेचे हलते भाग, १.८ मीटर लांब आणि ३५ सेंटिमीटर रुंद आहेत असे आपण लिहिले आहे. एकच तुकडा पुढच्या कडेवरून गुंडाळून मागे जोडायचा असेल तर तो ८५ सेंटिमीटर रुंद लागतो. दोन एलेरॉनचे दोन तुकडे शेजारी ठेवले की १.७० मीटर होतात आणि पन्ह्यात बसतात, म्हणून येथे तागा केवळ २ मीटर खर्ची पडतो. शेपटीच्या बाबतीतही असेच दैव आपल्या बाजूने आहे. स्टॅबिलायझर (शेपटीचा आडवा स्थिर भाग) आणि एलिव्हेटर (त्यामागचा हलता भाग) यांचा प्रत्येक अर्धा भाग दीड मीटर लांब असल्यामुळे तो १.६५ मीटरचा तुकडा तागा आडवा धरून पन्ह्यातच निघतो. स्टॅबिलायझरचे चार तुकडे ६२ सेंटिमीटरचे, एलिव्हेटरचे चार ५२ सेंटिमीटरचे, उभ्या स्थिर फिन आणि तिच्यामागच्या हलत्या रडरचे चार मिळून अडीच मीटर, अशी ही बेरीज ७.१ मीटरपर्यंत येते.

धडाच्या बाबतीत सर्वाधिक कापड वाया जाते. बाजूचा तुकडा पुढे १.१५ मीटर आणि शेपटीकडे ३५ सेंटिमीटर उंच लागतो, लांबी ५.३ मीटर. दोन बाजू एकमेकींना उलट्या, एकीचे तोंड दुसरीच्या शेपटीकडे, अशा ठेवल्या तर दोन्ही मिळून दीड मीटर पन्हा घेतात आणि ५.३ मीटरमध्ये दोन्ही निघतात. केबिनपाशी फुगवटा असल्यास उरलेले २८ सेंटिमीटर कामी येतात, पण हे कागदावर ठेवूनच पाहावे. पोट आणि पाठ यांना आणखी ५.३ मीटर. मांडणी करताना प्रत्येक तुकड्याचा ताणा विमानाच्या लांबीला किंवा पंखाच्या लांबीला समांतर राहील हे पाहावे. जागा वाचवण्यासाठी तुकडा तिरपा फिरवला तर तो उरेब होतो आणि कापड चढवल्यावर ते ताणण्यासाठी इस्त्री फिरवली की एका कर्णाकडे जास्त ओढला जातो. अशा ठिकाणी पुढे सुरकुत्या येतात आणि त्या कोणत्याही उष्णतेने जात नाहीत.

सगळे मिळून १९.२, २, ७.१ आणि १०.६, म्हणजे ३८.९ मीटर झाले. त्यावर दहा टक्क्यांच्या आसपास वाढ धरावी, ती एखादा तुकडा बिघडला तर, पुढे सांगितलेल्या सरावाच्या चौकटीसाठी आणि पुढील काही वर्षांतील ठिगळांसाठी. मी ४३ मीटर, म्हणजे ४७ यार्ड मागवीन. आपल्या ३२ मीटरमध्ये धडाचे कापड संपूर्ण राहून गेले असते. धडाच्या कापणीतून उरणारे त्रिकोणी तुकडे टाकू नयेत, कारण तपासणी-झाकणांच्या कड्यांभोवती आणि स्ट्रटच्या (पंखाला धडाकडून टेकू देणाऱ्या दांड्यांच्या) जोडांपाशी लागणारी गोल ठिगळे त्यांतूनच निघतात.

एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. विमानाचे पॉलिएस्टर उष्णतेने दहा टक्क्यांच्या आसपास आटते, म्हणून कापड दहा टक्के जास्त घ्यावे असे अनेकांना वाटते. तसे नाही. कापड आधी कडांना चिकटवले जाते आणि मग आटवले जाते. आटण्याला वाव नसल्यामुळेच त्यात ताण उतरतो. आटण्यासाठी म्हणून एक सेंटिमीटरही जास्त लागत नाही.

आता सुरतेविषयी. खानदेशातून सुरतेला जाणे नवापूरच्या पलीकडे जाण्याइतके सोपे आहे आणि तेथे पॉलिएस्टर विमानाच्या कापडाच्या मानाने नाममात्र दराने मिळते, हे मी नाकारत नाही. परंतु बाजारात मिळणारे तयार पॉलिएस्टर गिरणीतच उष्णतेने स्थिर केलेले असते, जेणेकरून ग्राहकाच्या इस्त्रीखाली ते आटू नये. आपल्याला नेमके आटणारे कापड हवे आहे. ‘मग मागावरचे, प्रक्रिया न केलेले ग्रे कापड घेऊ’ असे कोणी म्हणेल, आणि ते आटेलही, पण किती आटेल, दोन्ही दिशांना सारखे आटेल का, सुताचे बळ किती आणि पुढच्या ताग्याचेही तेवढेच असेल का, हे लिहून देणारा कोणी नसतो. विमानाच्या कापडावर ठराविक अंतराने शिक्का असतो आणि त्याच्या जोडीला बळाची चाचणी असते. मोटारीच्या सीटकव्हरला, मंडपाला, फार तर जमिनीवर ठेवायच्या प्रदर्शनीय प्रतिकृतीला सुरतेचे कापड वापरा. उडणाऱ्या पंखाला नको. तीच गोष्ट आपल्याकडच्या सुती कापडाची. पूर्वी विमानांवर ग्रेड-ए नावाचे मर्सराइझ केलेले सुती कापडच असे, त्याचे नवे बळ इंचाला ८० पौंड धरले जाई आणि ते ५६ पौंडांवर आले की कापड बदलत. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे १९५८ मध्ये प्रथम उडालेले पुष्पक हेही कापडी आवरणाचेच विमान होते, आणि फ्लाइंग क्लबांत अशा विमानांवर काम केलेल्या माणसांना सुती कापड उन्हापावसात किती लवकर उतरते हे ठाऊक आहे. कापूस आपल्या शिवारात पिकतो एवढ्यासाठी त्या वाटेने जाण्यात अर्थ नाही.

वजनाच्या दृष्टीने आपल्या विमानाला मध्यम प्रतीचे, म्हणजे चौरस यार्डाला २.७ औंसाचे कापड योग्य आहे. हे चौरस मीटरला सुमारे ९२ ग्रॅम भरते. १.७ औंसाचे हलके कापड अतिहलक्या विमानांसाठी किंवा प्लायवूडवर चढवण्यासाठी असते, आणि ३.४ औंसाचे जड कापड फवारणीच्या वा खडकाळ धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानांसाठी. आपल्याला दोन्हींची गरज नाही.

रिबा, टाके आणि कडा झाकणाऱ्या कापडी पट्ट्यांकडे वळू. आपल्या पंखात ३० सेंटिमीटरवर एक रिब आहे, म्हणजे प्रत्येक पंखात १६ रिबा. प्रत्येक रिबेवर वरून आणि खालून मिळून ३.१ मीटर पट्टी लागते, दोन्ही पंखांचे १०० मीटर झाले. शेपटीच्या रिबा आणि धडाच्या लांब नळ्या मिळून आणखी ५५. ही सर्व २ इंची पट्टी. एकूण १५५ मीटर, वाढीसह १७०. रीळ बहुधा ५० यार्डांचे, म्हणजे पावणेसेहेचाळीस मीटरचे असते, तेव्हा चार रिळे घ्यावीत. मागच्या कडा, एलेरॉन आणि शेपटीच्या सरळ कडांसाठी ३ इंची पट्टी ३३ मीटर लागते, एक रीळ पुरेल. पंखाच्या पुढच्या कडेला ४ इंची पट्टी १० ते १२ मीटर. पंखांची टोके आणि शेपटीच्या गोल कडा यांना मात्र सरळ पट्टी कधीही लावू नये. ती आतल्या बाजूला चुण्या धरते. तेथे उरेब पट्टीच हवी, सुमारे १५ मीटर. उरेब पट्टी ओढली की अरुंद होते, म्हणून वळणावर ३ इंची घेतली तर ती बसल्यावर दोन-अडीच इंच उरते. हे ध्यानात घेऊनच माप सांगावे.

रिबेला कापड दोऱ्याने बांधायचे असते आणि त्या दोऱ्याखाली रिबेच्या माथ्याइतकी रुंद बळकटीची पट्टी ठेवावी लागते, तिचे ९० मीटर धरावे. दोऱ्याचे गणित असे करावे: टाक्यांमधील अंतर नकाशात दिलेले असते. ते विमानाच्या कमाल वेगावर अवलंबून असते आणि पुढच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वाऱ्यात येणाऱ्या मुळाकडच्या रिबांवर ते कमी ठेवतात. आपल्या नकाशात सरासरी साडेसात सेंटिमीटर आहे असे धरले तर एका रिबेवर १७ टाके येतात. प्रत्येक टाक्याला दोरा वरून खाली आणि खालून वर जातो, म्हणजे रिबेच्या उंचीच्या दुप्पट, पुढील टाक्यापर्यंतचे अंतर आणि गाठ, असे एकूण ४० सेंटिमीटर खर्च होतात. शेवटची टोके धरून एका रिबेला साडेसात मीटर, ३२ रिबांना २४० मीटर आणि शेपटीला ४० मीटर. मी ३२० मीटर मागवीन, कारण रिब पूर्ण होण्याआधी दोरा संपला तर मध्येच गाठ मारून जोडावे लागते आणि ती गाठ पट्टीखाली उंचवटा म्हणून कायम दिसते. दोरा आवरणासाठी बनवलेला पॉलिएस्टरचाच असावा. मासेमारीची तंगूस किंवा नायलॉनचा मांजा बळकट असतो हे खरे, पण तो ताणाखाली लांबतो आणि गाठीत निसटतो.

मागे राहून जाणाऱ्या बारीक वस्तूंपैकी एक फार महागात पडते. आवरणाच्या चिकटद्रव्यात तीव्र सॉल्व्हंट असतात आणि ते साध्या प्रायमरला किंवा दुकानात मिळणाऱ्या लाकडी वार्निशला विरघळवतात. नळ्यांवर इपॉक्सी प्रायमर आणि रिबांवर इपॉक्सी वार्निश नसेल तर कापड त्या मऊ झालेल्या थराला चिकटते, लाकडाला नाही. आपण पंखांना आधीच कोणते वार्निश दिले आहे ते पत्रात नाही. एका वाया गेलेल्या रिबेच्या तुकड्यावर चिकटद्रव्याचा हात देऊन दुसऱ्या दिवशी नखाने खरवडून पाहावे. खालचा थर सोलून आला तर सामानाच्या यादीत पहिली ओळ इपॉक्सी वार्निशची लिहावी. याखेरीज पाणी निघून जाण्यासाठी प्रत्येक कप्प्याच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात छिद्राची कडी लागते, आपल्या विमानाला ती ४५ च्या आसपास लागतील, आणि तपासणी-झाकणांच्या कड्या २० ते २४. स्क्रूंची डोकी, रिव्हेट आणि नळ्यांच्या वेल्डिंगचे खडबडीत जोड यांवर कापड घासू नये म्हणून आधी एक पातळ पट्टी चिकटवतात, तिचे एक रीळ पुरते.

द्रव पदार्थांचा अंदाज हा सर्वांत अवघड भाग आहे. त्यासाठी आधी एक संपूर्ण पद्धत निवडावी आणि शेवटपर्यंत तिच्यातच राहावे. पॉली-फायबरची पद्धत घेतली तर चिकटवायला पॉली-टॅक, कापडात मुरवायला पॉली-ब्रश, ऊन अडवायला ॲल्युमिनियमयुक्त पॉली-स्प्रे आणि वरचा रंग पॉली-टोन. सिकोनाइट कापडावर डोप नावाचा लेप देण्याची जुनी पद्धत आहे, पाण्यावर आधारित पद्धती आहेत, आणि आधीच रंगवलेले, वर काहीही न लावता चालणारे ओराटेक्सही आहे. यांपैकी एकाचे चिकटद्रव्य आणि दुसऱ्याचा रंग अशी खिचडी करू नये, कारण पुढे एखादा थर सुटला तर कोणत्याही उत्पादकाची पुस्तिका मदतीला येणार नाही. जळगावकडे पीव्हीसी पाइपांचा धंदा मोठा असल्यामुळे ‘सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवा की’ असा सल्ला आपल्याला नक्की मिळेल. तो ऐकून घ्यावा आणि सोडून द्यावा.

चिकटद्रव्य कडांवरच लागते. आपल्या विमानावर चिकटवण्याच्या रेषा मोजल्या तर त्या १४० मीटरच्या आसपास भरतात आणि चार सेंटिमीटर रुंदी धरली तरी क्षेत्रफळ जेमतेम साडेपाच चौरस मीटर होते. गणिताने एक गॅलन, म्हणजे ३.७८ लिटर, भरपूर वाटते. मी दोन गॅलन मागवतो, कारण डबा उघडला की सॉल्व्हंट उडून द्रव्य घट्ट होत जाते आणि आपल्या हवेत ते विशेष लवकर होते.

पॉली-ब्रश आणि त्यापुढील थरांसाठी डब्यावरच्या आकड्यांपेक्षा स्वतःच्या फवाऱ्याचा आकडा विश्वासाचा. एक मीटर बाय एक मीटरची लाकडी चौकट करावी, तिच्यावर विमानासारखेच कापड चढवावे, पूर्ण पद्धतीने सर्व हात द्यावेत आणि प्रत्येक हातापूर्वी व नंतर फवाऱ्याचा प्याला स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर तोलावा. चौकटीबाहेर उडून गेलेले द्रव्यही या आकड्यात आपोआप येते. समजा, पातळ केलेले पॉली-स्प्रे प्रत्येक हाताला चौरस मीटरमागे १५० मिलिलिटर गेले. ४५ चौरस मीटरला पावणेसात लिटर. तीन भाग द्रव्य आणि एक भाग रिड्यूसर (पातळ करणारे द्रव) या प्रमाणाने त्यात ५.१ लिटर मूळ द्रव्य आणि १.७ लिटर रिड्यूसर. तीन हातांना सव्वापंधरा लिटर द्रव्य, म्हणजे चार गॅलन जेमतेम. तेव्हा पाच घ्यावेत. आपला फवारा जुन्या पद्धतीचा, जास्त दाबाचा असेल तर धुक्यात जाणारे द्रव्य वाढते आणि हाच आकडा बराच पुढे सरकतो. म्हणून दुसऱ्याचा आकडा उसना घेऊन उपयोग नाही.

पॉली-ब्रशच्या हिशेबात एक भर घालावी लागते. प्रत्येक पट्टीखाली एक ओला हात आणि तिच्यावर दुसरा हात जातो. वर मोजलेल्या पट्ट्यांचे क्षेत्रफळ १२ चौरस मीटरच्या आसपास भरते, म्हणजे पृष्ठभागाच्या जवळजवळ चौथा हिस्सा. मी पाहिलेल्या बहुतेक अंदाजांत हा चौथा हिस्सा नसतो आणि मग नेमके पट्ट्या लावण्याच्या वेळी डबा तळाला जातो.

ॲल्युमिनियमचे किती हात पुरे, याची परीक्षा सोपी आहे. रात्री पंखाच्या आत तपासणी-झाकणातून बल्ब सोडावा आणि बाहेरून पाहावे. प्रकाश झिरपत असेल तर ऊनही झिरपेल. पॉलिएस्टर कुजत नाही, पण अतिनील किरणांनी त्याचे बळ जाते, आणि आपल्याकडील उन्हाचे प्रमाण पाहता येथे काटकसर नको. त्याउलट वरच्या रंगाचे हात कमीत कमी ठेवावेत. वाळल्यावर एका हाताचे वजन समजा चौरस मीटरला ४० ग्रॅम उरले, तर ४५ चौरस मीटरवर एक जास्तीचा हात म्हणजे १.८ किलो. धडावर हे चालून जाते. शेपटीवर ते गुरुत्वमध्य मागे नेते, आणि एलेरॉन, एलिव्हेटर व रडर यांच्या बिजागरीमागे साठलेले वजन फ्लटरला, म्हणजे त्या भागाच्या विनाशक थरथरीला, आमंत्रण देते. नियंत्रक पृष्ठभाग रंगवल्यानंतर त्यांचा समतोल पुन्हा तपासणे अनिवार्य आहे.

रिड्यूसरविषयी हंगामाचा विचार करावा लागतो आणि येथे मे महिन्याचा प्रश्न येतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात असतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. त्या हवेत चिकटद्रव्य कापड दाबून बसवण्याआधीच सुकते, फवाऱ्यातून निघालेला थेंब कापडावर पोहोचेपर्यंत अर्धा कोरडा होतो आणि पृष्ठभाग वाळूच्या कागदासारखा खरखरीत येतो. मंद गतीचा रिड्यूसर घालून हे काही प्रमाणात सावरता येते, पण मग रिड्यूसरचा अंदाज फसतो. पावसाळ्यात दमट हवेने लेपावर पांढुरकी झाक येते. आपल्यासाठी योग्य काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि त्यातही सकाळी दहा ते दुपारी चार, कारण तापीकाठच्या थंडीत पहाटेचा गारठा या द्रव्यांना मानवत नाही. २० ते २५ अंश सेल्सिअस हे उत्तम. एक अडचण मात्र याच महिन्यांत असते: जिनिंग सुरू असतात आणि शेड त्यांच्या वाऱ्याच्या दिशेत असेल तर कापसाची तुसे ओल्या रंगावर बसतात. शेडमध्ये प्लॅस्टिकच्या पडद्यांची एक खोली उभारावी आणि जमिनीवर पाणी मारून धूळ बसवावी. फवारणीपूर्वी ती जमीन पूर्ण वाळू द्यावी.

इस्त्री ही वस्तू यादीत कोणी लिहीत नाही. घरातील इस्त्रीचा खटका ‘कॉटन’ किंवा ‘नायलॉन’ दाखवतो, अंश दाखवत नाही. कापड पहिल्या फेरीत १२० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि शेवटच्या फेरीत १७५ अंशांना ताणायचे असते, त्यावर गेल्यास आलेला ताणच सैल होऊ लागतो आणि तो परत येत नाही. म्हणून तळाचे तापमान मोजणारा थर्मामीटर आणि खटक्यावर स्वतः केलेल्या खुणा हव्यात. कडा आणि कोपऱ्यांसाठी छोटी इस्त्री वेगळी घ्यावी. श्वासासाठी सेंद्रिय वाफा गाळणाऱ्या डब्यांचा मास्क घ्यावा. नाकाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा पांढरा मास्क या वाफा अडवत नाही. वरचा रंग दोन घटकांचा पॉलियुरेथेन निवडलात तर त्यातील आयसोसायनेटसाठी हा मास्कही पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो. त्या एका कारणासाठी मी घरच्या कामाला पॉली-टोनसारखाच साधा रंग सुचवतो, चमक कमी असली तरी.

मागणी दोन भागांत करावी. कापड, पट्ट्या, दोरा आणि कड्या या कोरड्या वस्तू हवाई पार्सलने येऊ शकतात आणि थोडे कमी पडले तरी पुन्हा मागवता येतात. ज्वालाग्राही द्रव पदार्थ धोकादायक माल म्हणून वेगळ्या नियमांनी येतात, बहुधा समुद्रमार्गे, आणि एका गॅलनसाठी दुसऱ्यांदा तोच व्याप करावा लागला तर वाहतूक मालापेक्षा महाग पडते. म्हणून कापडावर दहा टक्के वाढ पुरे, पण द्रवांवर मी २० ते २५ टक्के ठेवतो. त्याचबरोबर फार आधीही मागवू नये, कारण डब्यावर मुदत असते आणि पत्र्याच्या शेडमधील एक उन्हाळा त्या मुदतीची पर्वा करत नाही. कोरडे सामान आता मागवा, पावसाळ्यात चौकटीवर सराव करा, चौकटीपुरते द्रव एखाद्या छोट्या संचातून घ्या आणि तिच्यावरून आलेल्या आकड्यांनी मुख्य द्रव मागणी अशी द्या की माल ऑक्टोबर संपताना हातात पडेल. तोवर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाशी आपला पत्रव्यवहार कुठवर आला आहे तेही पाहा, कारण सांगाडा उघडा असतानाच तो तपासून घेतला पाहिजे; एकदा कापड चढले की आतील वेल्डिंग आणि गोंदाचे सांधे दिसत नाहीत. प्रत्येक जोडाची छायाचित्रे काढा आणि ताग्यावरील शिक्का व डब्यांवरील बॅच क्रमांक नोंदवहीत उतरवून ठेवा. चौकटीचे वजनाचे आकडे आले की मला कळवा, मी द्रवांचा हिशेब आपल्याबरोबर पुन्हा पडताळून देईन.